पोरगं जिंकलं सर, आता फोन करा

ह्या वेळचं पत्र आपल्या कोल्हापुरातलंच आहे, शिवाजी पेठेतलं, एका रिटायर्ड गोल्फ कोचचं. नाव छापू नका म्हणालेत म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, सगळं देता येणार नाही, पण महत्त्वाचं त्यांच्याच शब्दांत देते म्हणजे बाकीच्यांना कळेल मी कशावर बोलतेय.

"ताई, मी मूळचा पेठेतला. पण सगळी नोकरी पुण्यात एका गोल्फ कोर्सवर झाली, आधी कॅडी म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची बॅग उचलणारा, मग रेंजवर, सरावाच्या मैदानावर, बॉल गोळा करणारा, मग असिस्टंट आणि शेवटी लहान पोरांचा कोच. कोरोनानंतर गावी परत आलो. पेठेतल्याच एका घरातला मुलगा, वडील पुण्यात नोकरीला, आठ वर्षांचा असताना माझ्याकडं आला आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत माझ्याकडंच शिकला. त्याच्या मापाची काठी मिळत नव्हती म्हणून जुनी सेव्हन आयर्न हॅक्सॉनं कापून, वर नवी ग्रिप चढवून दिली होती, ती अजून माझ्या माळ्यावर आहे. पुढं एकदा संध्याकाळी त्याचे वडील आले आणि म्हणाले, सर, आता बेंगळुरूला अकॅडमीत घालतोय. मी म्हणलं, चांगलं करताय. खरंच चांगलं होतं ते, माझ्याकडं ना व्हिडिओ ना मशीन, मी पुढं काय देणार होतो. नंतर फोन कमी झाले, मग बंदच झाले.

गेल्या महिन्यात तो प्रो म्हणून पहिली टुर्नामेंट जिंकला. शेवटचे होल मी मोबाईलवर बघत होतो. अठराव्या टीवर, म्हणजे शेवटच्या होलचा पहिला फटका मारायच्या जागी, तो बॉलच्या मागं उभा राहिला, लांब बघितलं, मग बॉलच्या पुढं हातभर अंतरावर गवतात कायतरी बघितलं आणि मगच बॉलजवळ गेला. ताई, ते मी शिकवलेलं आहे. मी वाळकं पान ठेवायचो बॉलच्या पुढं आणि म्हणायचो, लांबचं झाड एकदा बघून घे, मग त्याच रेषेतलं हे पान बघ, आता झाड विसर आणि ह्या पानावरनं बॉल घालव. चोवीस वर्षांचा झालाय तो आणि अजून पान बघतोय. मी असा ओरडलो की बायको स्वयंपाकघरातनं पळत आली, तिला वाटलं मला काय झालं.

नंतर मुलाखतीत त्यानं आईवडलांचं नाव घेतलं, आत्ताच्या कोचचं, स्पॉन्सरचं. माझं नव्हतं. मला वाईट वाटलं नाही.

आता तो आजीला भेटायला येणार आहे आणि पेठेतल्या मंडळाची पोरं सत्कार करणार आहेत. फ्लेक्सवर माझा फोटो टाकून खाली 'घडवणारे गुरू' लिहितो म्हणतात, भाषण पण करा म्हणतात. मला अभिमान लय वाटतोय, पण तो वाटून घ्यायचा मला हक्क आहे का? फोन करू का नको? म्हणेल, आता जिंकल्यावर बरी आठवण झाली. फ्लेक्सवर फोटो जाऊ देऊ का? आणि भाषणात बोलू काय, इथं गोल्फ कुणाला कळतोय, लोक विचारतात किती रन काढले त्यानं.

सहज आठवलं म्हणून एक लिहितो. दहा वर्षांचा असताना एका ज्युनियर टुर्नामेंटमध्ये त्याचा बॉल रफमध्ये, लांब गवतात, होता, त्यानं काठी मागं टेकवली आणि बॉल जरासा हलला. कुणी बघितलं नव्हतं. हा स्वतः मार्करकडं, म्हणजे त्याचा स्कोअर लिहिणाऱ्याकडं, गेला, सांगितलं, पेनल्टीचा एक स्ट्रोक, म्हणजे एक फटका वाढवून घेतला (गोल्फमध्ये कमी फटके तो पुढं) आणि एका स्ट्रोकनंच त्याचा तिसरा नंबर गेला. लय रडला. मी त्याला वडापाव खायला घातला आणि म्हणलं, आज तू गोल्फर झालास."

सर, तुम्ही मला ताई म्हणलंय, मी तुम्हाला सरच म्हणते, कारण पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की हा माणूस अजून रिटायर झालेला नाही.

पहिल्यांदा त्या 'वाईट वाटलं नाही'चं बघू. हे वाक्य पुढं पत्रात आणखी दोनदा आलंय, तो भाग इथं घेतला नाही. थोडं वाटलं असणार सर, आणि वाटू दे की, त्यात कमीपणा काय आहे. सात वर्षं ज्या पोराची बोटं एक एक करून काठीवर बसवली त्याच्या तोंडून आपलं नाव यावं असं कुणालाही वाटेल, आणि तरीही त्याच्याबद्दलचा आनंद शंभर टक्के खरा असू शकतो. दोन्ही एकाच वेळी असतात. तुम्ही एक नाकारायला बघताय म्हणून दुसऱ्याबद्दल पण शंका यायला लागलीये, म्हणून तो हक्काचा प्रश्न आलाय.

मुलाखतीचं म्हणाल तर जरा त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. चार दिवस उन्हात खेळलेला, शेवटच्या होलपर्यंत जीव टांगणीला, शेवटचा बॉल होलमध्ये पडल्या पडल्या कुणीतरी माईक तोंडासमोर धरतं, डोक्यावर स्पॉन्सरची टोपी आहे, समोर आत्ताचे कोच उभे आहेत, आईवडील आहेत. जी माणसं डोळ्यांसमोर दिसतात त्यांची नावं तोंडात येतात. विसरला पण असेल, मी त्याची वकिली करत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात तो तुमच्या सात वर्षांचा निकाल देत नव्हता, एवढं तरी धरून चाला. तुमच्या सात वर्षांचं जे काय आहे ते त्याच्या आधी अठराव्या टीवर दिसलं, आणि ते बघणारा सगळ्या जगात बहुतेक तुम्ही एकटेच होता.

आता हक्क. आपल्याकडं ह्या बाबतीत दोन टोकं आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणजे 'मीच घडवला', आणि दुसरं म्हणजे 'छे छे, मी काय केलं, पोरगंच हुशार होतं'. तुम्ही दुसऱ्या टोकाला बसलाय, व्हिडिओ नाही मशीन नाही करत, आणि लोक त्याला नम्रपणा म्हणतील, पण मला ते खरं वाटत नाही. गोल्फमध्ये पहिला कोच काय देतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, वाचणाऱ्यांसाठी सांगते. काठी हातात कशी धरायची, पाय किती रुंद ठेवायचे, बॉल दोन पायांच्या मध्ये कुठं असावा, खांदे कुठल्या रेषेत, हे सगळं त्या वयात एकदा अंगात बसलं की बसलं, आणि चुकीचं बसलं तर पुढं मोठ्या अकॅडमीतल्या मोठ्या कोचचं निम्मं काम ते मोडण्यातच जातं. बेंगळुरूवाल्यांना ते पोरगं असं मिळालं की ज्याचं काय मोडावं लागलं नाही. मशीन नंतर आलं. मशीन बॉलचा वेग सांगतं, बॉल किती फिरला ते सांगतं, पण आठ वर्षांच्या पोराला पानावरनं बॉल घालव म्हणून सांगायला माणूस लागतो.

आणि हे पान काय साधं नाही बरं का. जॅक निक्लॉस, ज्यांच्या नावावर गोल्फच्या 18 मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या, स्पर्धा आहेत, ते आयुष्यभर हेच करायचे, लांबचं टार्गेट बघून झालं की बॉलच्या पुढं थोड्या अंतरावरचा एखादा डाग, गवताचा तुकडा धरायचे आणि त्यावरनं मारायचे. तुम्ही हे कुठनं शिकलात, सिनियर कॅडीकडनं की बघून बघून, ते तुम्ही लिहिलं नाही, पण पुण्यातल्या एका रेंजवर वाळक्या पानानं तुम्ही त्याच दर्जाची गोष्ट शिकवत होता. आणि ती कापलेली सेव्हन आयर्न, टायगर वूड्सच्या हातात पहिला पटर, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायची काठी, आला तो पण त्याच्या वडिलांनी कापून बारका केलेलाच होता. टायगर चार वर्षांचा असताना त्याला लाँग बीचच्या एका छोट्या कोर्सवर शिकवायला घेतलं रूडी ड्युरॅन नावाच्या कोचनी. पुढं दुसरे आले, 1993 पासून बुच हार्मन आले, आणि 1997 ला टायगर बारा स्ट्रोकच्या फरकानं मास्टर्स ही मेजर स्पर्धा जिंकला तेव्हा सगळीकडं हार्मनचंच नाव होतं. म्हणून काय ड्युरॅननी जे शिकवलं ते पुसलं गेलं का? चार वर्षांच्या पोराला शिकवणारा वेगळा लागतो आणि एकवीस वर्षांच्याला शिकवणारा वेगळा. तुम्ही योग्य वेळी सोडलंत, वडिलांना 'चांगलं करताय' म्हणलात, ते पण कोचिंगच होतं. किती कोच पोराला धरून ठेवतात आणि पोरगं तिथंच वाळतं, ते आपण सगळ्या खेळांत बघतोय की.

तर अभिमान तुमचाच आहे, कुणाला विचारून घ्यायचा नाही. फक्त तो नेमका ठेवा. मी त्याला चॅम्पियन केलं असं म्हणलं की ऐकणाऱ्याला ती बढाई वाटते, आणि मी त्याला पान बघायला शिकवलं, तो अजून बघतो, असं म्हणलं की ऐकणाऱ्याच्या पण अंगावर काटा येतो. माझ्या आला.

आता फोन. करा. सत्काराची वाट बघू नका, तिथं शेकडो माणसं असतील, हलगी असेल, पोरगं फेट्यात घामाघूम झालेलं असेल, तुम्ही पाया पडायच्या रांगेतला एक हात व्हाल. त्याच्या आधी बोलणं व्हायला पाहिजे.

काय आहे सर, आपल्या पिढ्यान्‌पिढ्या एक समजूत आहे की शिष्याचं तोंडावर कौतुक करायचं नाही, डोक्यात हवा जाते. आचरेकर सरांचं उदाहरण सगळे देतात. सचिननं 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर शेवटचं भाषण केलं त्यात तो म्हणाला होता की एकोणतीस वर्षांत सर मला कधी 'वेल प्लेड' म्हणले नाहीत, मी सुस्तावेन म्हणून, पण आता पुढं मॅच नाहीयेत तर आता म्हणायला हरकत नाही. लोक हे ऐकून सरांची शिस्त बघतात. मी ते ऐकते तेव्हा मला तो चाळीस वर्षांचा माणूस दिसतो, सगळ्या जगानं डोक्यावर घेतलेला, आणि तरी त्याला ते दोन शब्द त्या एका माणसाकडनं हवेत. आचरेकर सर रोज मैदानावर होते, स्टंपवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्यातनं त्यांचं कौतुक पोरांना कळत होतं, त्यांचं न बोलणं चालून गेलं. तुमच्यात आणि ह्या पोरात गेली काही वर्षं नुसती शांतता आहे. शांततेतनं कौतुक कळत नाही. त्याला उलट पण वाटत असेल, की सरांना आपण सोडून गेलो ते आवडलं नाही म्हणून त्यांनी फोन करायचं बंद केलं. हे तुमच्या डोक्यात आलं नसेल, पण पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात येऊ शकतं, आणि एकदा आलं की चोवीसाव्या वर्षी पण राहतं. त्याच्या वडिलांचं पण तेच असेल. माणूस संध्याकाळी येऊन आमचं पोरगं आता दुसरीकडं घालतोय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या पोटात पण कालवाकालव झालेली असते, आणि मग तो संकोचानं लांब राहतो. म्हणून मी म्हणेन पहिला फोन वडिलांना करा. नंबर बदलला नसेल तर लागेल, बदलला असेल तर आजी पेठेतच आहे.

मग पोराला मेसेज, फोनच्या आधी, कारण जिंकल्यानंतर अनोळखी नंबर कुणी उचलत नाही आणि तुमचा नंबर त्याच्याकडं असेलच असं नाही. मेसेजमध्ये लांबण नको. नाव, पुण्याचे सर म्हणून ओळख, आणि एकच गोष्ट: अठराव्या टीवर पान बघितलंस ना, मी बघितलं. बास. हे वाचल्यावर तो उत्तर देणार नाही असं मला वाटत नाही, कारण ही गोष्ट त्याला जगात दुसरं कुणी लिहू शकत नाही. नाहीच दिलं तर एक आठवडा जाऊ दे, तो पुढच्या स्पर्धेत असेल, त्या आठवड्यात खेळाडूचं डोकं दुसरीकडं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि बोलणं झालं की एक पथ्य पाळा, हे मी हात जोडून सांगते. 'मोठा झालास बाबा, आता कुठली आमची आठवण', 'ओळखलंस का तरी', 'विसरलास काय आम्हाला', ही जी आपली प्रेमाची बोलायची पद्धत आहे ना, ती नको. आपण ती मायेनं बोलतो, समोरच्याला ती टोचते, आणि ज्याला आधीच थोडं अपराधी वाटतंय तो पुढच्या वेळी फोन उचलायचं टाळतो. मुलाखतीचा विषय तर काढायचाच नाही. त्यानं काढला तर म्हणा, अरे मी बघितलं की, चांगलं बोललास.

स्विंगबद्दल पण काय सांगू नका, विचारल्याशिवाय. तुम्हाला चार होल बघून काय काय दिसलं असेल, मला खात्री आहे, कोचचा डोळा झोपत नाही. पण आत्ता त्याचे कोच दुसरे आहेत. निक्लॉसचे कोच जॅक ग्राउट, ज्यांनी त्यांना दहा वर्षांचे असल्यापासून शिकवलं, ते शिष्याच्या मागं मागं फिरणारे नव्हते, पोरानं आपली चूक आपण ओळखायला शिकावं ह्यावर त्यांचा सगळा भर. आणि गंमत बघा, त्यामुळंच निक्लॉस मोठमोठ्या स्पर्धा जिंकून झाल्यावर पण दर वर्षी सीझनच्या सुरुवातीला त्यांच्याकडं जायचे आणि म्हणायचे मला पहिल्यापासून शिकवा, ग्रिपपासून. बोलावणं शिष्याकडनं आलं पाहिजे. दार उघडं आहे एवढं त्याला कळू दे, आत यायचं का ते तो ठरवेल.

गोल्फर बेन क्रेनशॉचं तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते, मला राहवत नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिनचे हार्वी पेनिक, तुमच्यासारखेच कॅडीपासनं कोच झालेले, त्यांच्याकडं क्रेनशॉ लहानपणापासून शिकला. 1984 ला तो मास्टर्स जिंकला होता, म्हणजे शिकायचं काय राहिलं होतं? पण 1995 च्या वसंतात पुटिंग, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलणं, बिघडलं तेव्हा तो पेनिकांकडंच गेला. ते नव्वद वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. अंथरुणावरनंच त्यांनी त्याला पुटिंग दाखवायला लावलं आणि दुरुस्त केलं. 2 एप्रिलला ते गेले. मास्टर्सच्या आठवड्यात क्रेनशॉ ऑगस्टाहून, जिथं मास्टर्स होते तिथनं, ऑस्टिनला जाऊन त्यांना खांदा देऊन आला आणि रविवारी, 9 एप्रिलला, त्रेचाळीसाव्या वर्षी, एका स्ट्रोकनं मास्टर्स जिंकला, आणि शेवटच्या ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर, वाकून रडला. मधल्या वर्षांत त्याला काय कमी कोच मिळाले असते का? तरी गेला तिथंच. सगळ्यांचं असं होत नाही, तुमचं होईल असं पण मी म्हणत नाही, पण फोन केला तर व्हायला जागा राहते.

फ्लेक्सवर येऊ. 'घडवणारे गुरू' नको, स्पष्ट सांगते. मंडळाची पोरं प्रेमानं करतायत, त्यांना नाही म्हणताना तुम्हाला जड जाईल, पण तो फ्लेक्स मिरजकर तिकटीला लागला की दहा मिनिटांत मोबाईलवर फिरेल आणि बेंगळुरूत पोचेल, आणि तिथं ज्यांनी नऊ वर्षं त्याच्यावर कष्ट घेतलेत त्यांना ते कसं वाटेल? पोरगं मधे अडकेल. त्याला पहिल्याच यशात असं अडकवू नका. मंडळाला ही गोष्ट कळेल अशा भाषेत सांगायची असेल तर तालमीची भाषा आहे की. मैदानात निवेदक नाव पुकारतो तेव्हा पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा हे सगळं सांगतो. ज्यानं लहानपणी लंगोट बांधला तो वस्ताद वेगळा, ज्याच्याकडं पुढं मोठ्या तालमीत डाव शिकला तो वेगळा, आणि कोल्हापुरात दोघांना मान आहे, कुणी कुणाला खाऊन टाकत नाही. तर फ्लेक्सवर आत्ताच्या कोचचं नाव आधी, तुमचं नंतर, आणि तुमच्या नावापुढं 'पहिले कोच'. हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणून कुणी खोडू शकत नाही. फोटो त्या पोराचा एकट्याचा, मोठा. आणि हे पण त्याला विचारून करा, मंडळाच्या पोरांना सांगा की आधी त्याला दाखवा.

मागं उभ्या राहिलेल्या माणसाला कोल्हापूर विसरत नाही सर, त्यासाठी फ्लेक्स लागत नाही. 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांकडं पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर ह्यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले आणि मग कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी ते कर्ज फेडायला मदत केली. सत्तर वर्षं होऊन गेली, खर्डेकरांचं नाव खाशाबांच्या नावासोबत अजून निघतं. ते कुस्ती शिकवायला गेले नव्हते, त्यांनी त्यांच्याकडं होतं ते दिलं, तेवढंच, आणि तेवढंच लोकांनी लक्षात ठेवलं.

आता भाषण, आणि इथं तुम्हाला कळलं नाहीये की तुम्ही काय लिहून पाठवलंय. पत्राच्या शेवटी 'सहज आठवलं म्हणून' जे लिहिलंय, तेच तुमचं भाषण आहे. बर्डी, पार, हँडिकॅप समजावून सांगत बसू नका, पेठेला ते नको आहे. पेठेला एवढंच सांगा की ह्या खेळात प्रत्येकाच्या मागं अंपायर फिरत नाही, आपला स्कोअर मार्कर लिहितो पण तो खरा आहे ना हे आपण बघायचं आणि शेवटी कार्डावर सही करायची, आणि कमी आकडा लिहून सही केली तर खेळाडू स्पर्धेतनंच बाद. मग सांगा की दहा वर्षांचं एक पोरगं होतं, लांब गवतात बॉल होता, कुणी बघत नव्हतं, बॉल हलला आणि ते स्वतः चालत गेलं सांगायला, आणि त्यामुळं त्याचा नंबर गेला. किती रन काढले विचारणारा माणूस पण हे ऐकून गप्प होईल. ज्या गावात पैलवान चीतपट झाला की उठून जिंकणाऱ्याला मिठी मारतो त्या गावाला हे समजावून सांगावं लागत नाही.

जुन्या काळचे अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्स ह्यांचं पण असंच झालेलं, 1925 च्या यू एस ओपनमध्ये. रफमध्ये बॉल हलला, कुणी बघितलं नव्हतं, त्यांनी स्वतःवर पेनल्टी लावून घेतली आणि शेवटी बरोबरी होऊन प्लेऑफमध्ये हरले. ती पेनल्टी नसती तर प्लेऑफची गरजच नव्हती. कौतुक करणाऱ्यांना ते म्हणाले म्हणे, बँक लुटली नाही म्हणून माझं कौतुक कराल का? हे भाषणात घालायचं असेल तर घाला, नाही घातलं तरी चालेल, तुमचं पोरगं पुरेसं आहे. वडापावचं मात्र सांगा. 'आज तू गोल्फर झालास' हे पण सांगा, आणि ते त्याच्याकडं बघून सांगा, माईककडं बघून नको. फक्त आधी फोनवर त्याला विचारून घ्या की हे सांगू का. लहानपणी रडलेलं चारचौघांत सांगितलेलं काही मुलांना आवडत नाही, नको म्हणाला तर रडणं गाळा, बाकीचं राहू दे. तीन मिनिटांच्या वर जाऊ नका. आत्ताच्या कोचचं नाव घेऊन आभार माना, हे विसरू नका, मनापासून माना, कारण तुमच्या हातनं गेलेलं पोरगं त्यांनी नीट सांभाळलंय.

कापलेली सेव्हन आयर्न स्टेजवर भेट देऊ का असं तुम्ही विचारलं नाही, पण माळ्यावर आहे असं लिहिलंय म्हणजे मनात काहीतरी असणार. स्टेजवर नको. तिथं ती शाल आणि नारळाच्या ढिगात जाईल आणि कुणीतरी गाडीच्या डिकीत टाकेल. घरी बोलवा त्याला चहाला, तेव्हा हातात द्या, धरू दे, बोटं कशी बसतायत बघा. आणि मग परत ठेवून घ्या. का सांगते, ह्या सत्कारानंतर पेठेतली चार पोरं तुमच्या दारात येणार आहेत, काका आम्हाला पण शिकवा म्हणून, आणि त्यांच्या मापाची काठी कुणाकडंच नसणार. कोर्स नसला म्हणून अडत नाही, प्लॅस्टिकचे पोकळ बॉल मिळतात, ग्रिप आणि उभं राहणं शिकवायला एवढी जागा बास आहे, खरा बॉल मात्र वस्तीत कुणाला मारू देऊ नका. वाळकी पानं तर पेठेत कमी नाहीत.

वडिलांना आजच फोन करा. आणि भाषण लिहून झालं की वहिनींना वाचून दाखवा, त्या दिवशी ओरडणं ऐकून पळत आलेल्या त्याच आहेत, कुठं जास्त होतंय आणि कुठं तुम्ही स्वतःला उगीच कमी करताय ते त्या बरोबर सांगतील.